महाविद्यालयात काही नवं करून बघायचंय? प्राध्यापकांचे नेहमीचे प्रश्न

हे पान वरिष्ठ महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत शिकवणाऱ्यांसाठी आहे. प्रश्न स्टाफरूममध्ये, रिफ्रेशर कोर्सच्या चहाच्या सुट्टीत आणि नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांकडून सतत ऐकू येणारे आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या व्यवस्थेला धरून दिली आहेत. नियम बदलत राहतात, म्हणून पदोन्नतीची फाईल लावण्याआधी ताजं परिपत्रक बघून घ्या.

वर्गात स्मार्ट बोर्ड आहे, सगळ्या प्रकरणांच्या पीपीटी तयार आहेत. अजून नवं काय करायचं?

खडूच्या जागी प्रोजेक्टर आला, एवढंच झालं. मुलं आधी फळ्यावरचं उतरवून घेत होती, आता स्लाइडचा फोटो काढून वही मिटतात. या पानावर ‘नवं’ म्हणजे दोन गोष्टी: तासाला, प्रॅक्टिकलला किंवा घरी विद्यार्थी जे काम करतो ते बदलणं, आणि त्यामुळे त्याला जास्त समजतंय का हे शिक्षकानं तपासणं. या कसोटीवर खडू-फळ्याचे कित्येक तास पास होतात. महागडा पॅनल मात्र नापास होऊ शकतो, विशेषतः त्याचं पेन कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडे असेल तेव्हा.

शिक्षकाला नवं करायला खरी मदत कशाची होते?

तीन गोष्टींची. थोडा मोकळा सलग वेळ, त्याच खटपटीत असलेला एक तरी सोबती, आणि काही गुणांवर स्वतःचा हक्क. कार्यशाळा, पुरस्कार, उपकरणं, ‘इनोव्हेशन सेल’चा फलक हे सगळं त्यानंतर येतं.

हे सांगावं लागतं, कारण व्यवस्थेत उलटं गृहीत धरलेलं असतं. शिक्षक नवं करत नाहीत म्हणजे त्यांना येत नाही, म्हणून त्यांना प्रशिक्षण द्या, असा हिशेब असतो. प्रत्यक्षात स्टाफरूममध्ये कल्पनांना तोटा नसतो. पण कल्पना सुचलेल्या सरांना त्याच आठवड्यात परीक्षेचं सुपरव्हिजन लागतं, प्रवेश समितीत नाव येतं, पेपर तपासणीसाठी कॅपचं (विद्यापीठाच्या तपासणी केंद्राचं) बोलावणं येतं, आणि विचार पुढच्या सत्रावर जातो. मॅडमनी हौसेनं गटचर्चा घेतली तरी प्रश्नपत्रिका ‘टिपा लिहा’चीच येणार असते, हे मुलांना ठाऊक असतं. ती शांतपणे विचारतात, “मॅडम, हे परीक्षेला आहे का?” या एका प्रश्नात महाराष्ट्रातल्या उच्च शिक्षणाचं बरंचसं निदान सापडतं.

वर्कलोड १६ तासांचा. त्यात वेळ कुठून काढायचा?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. एकूण काम आठवड्याला किमान ४० तासांचं, वर्षाचे ३० आठवडे. कागदावर तयारीला भरपूर वेळ उरतो. पण तो कधीच सलग हाती लागत नाही. दोन तासांच्या मधल्या रिकाम्या तासात हजेरीची बेरीज होते, एखादा दाखला सहीला येतो, आयक्यूएसीला (महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाला) हवी असलेली माहिती तिसऱ्यांदा वेगळ्या नमुन्यात भरायची असते.

यावर उपाय टाइमटेबलमध्ये सापडतो, आणि तो फुकटचा आहे. एखाद्या विषयाचे दोन तास आठवड्यातून एकदा जोडून मागा. ४८ मिनिटांच्या तासात हजेरीला पाच-सात मिनिटं जातात, बसायला-उठायला तेवढीच, आणि चर्चा रंगात आली की घंटा. दीड तास मिळाला तर काहीही करून बघता येतं. दुसरं म्हणजे आठवड्यातली एक दुपार विभागातल्या दोघांची एकाच वेळी रिकामी ठेवायला सांगा. टाइमटेबल समितीत बसणारी व्यक्ती प्राचार्यांइतकीच महत्त्वाची असते, हे नवीन लागलेल्यांना फार उशिरा कळतं.

आणि सगळा विषय बदलायला घेऊ नका. सत्रात एकच प्रकरण निवडा, ते सुद्धा दरवर्षी मुलं जिथे हमखास अडकतात ते.

एखादं उदाहरण द्या, जे साध्या वर्गात, पैसे न खर्च करता होईल.

पदार्थविज्ञानाचं प्रथम वर्ष घ्या. न्यूटनचा तिसरा नियम मुलांना शाळेपासून पाठ असतो. फळ्यावर लिहा: ‘उसानं भरलेला ट्रक आणि समोरून येणारी मोटारसायकल यांची धडक झाली. धडकेच्या क्षणी जास्त बल कोणावर? अ) मोटारसायकलवर, ब) ट्रकवर, क) दोघांवर सारखंच, ड) वेगावर अवलंबून.’ प्रत्येकाकडे अ-ब-क-ड अशी चार कार्डं असावीत. पतंगाच्या कागदाची, चार रंगांची केली की कोणाचं काय उत्तर आहे ते मागूनही दिसतं. मिनिटभर कोणी बोलायचं नाही, मग सगळ्यांनी एकदम कार्ड वर. ‘क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध’ तोंडपाठ असलेल्या वर्गात ‘अ’ची कार्डं ढिगानं वर येतात. मोटारसायकलचा चुराडा होतो हे प्रत्येकानं रस्त्यावर पाहिलेलं असतं.

आता उत्तर सांगायचं नाही, हेच अवघड काम. शेजारच्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवा, एवढंच सांगायचं. तीन मिनिटं वर्गात बाजार भरतो. बाकांमधून फिरत कान द्या. “अगं, बल सारखं असेल, पण गाडी हलकी आहे ना, म्हणून तिचा वेग जास्त बदलतो,” असं एखादी मुलगी मैत्रिणीला सांगताना ऐकू येते. बल आणि त्वरण यांतला फरक त्या मुलीनं तिच्या शब्दांत पकडलेला असतो, आणि मैत्रिणीला तो तुमच्यापेक्षा तिच्याकडून लवकर कळतो, कारण तिला स्वतःला तो आत्ताच कळलेला असतो. पुन्हा कार्डं वर. मग तुम्ही बोला.

ही रीत हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकीचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून रुजवली. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत होते, पण साध्या समजुतीच्या प्रश्नांवर अडखळत होते. त्यांचा एक ठोकताळा उपयोगी आहे: पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चा फळते. त्याहून कमी असतील तर आधी समजावून सांगा, जास्त असतील तर पुढे चला.

हे परदेशात ठीक. आपल्याकडच्या सव्वाशे मुलांच्या वर्गात?

मोठ्या वर्गाचा दाखला आपल्याच राज्यात आहे. आयआयटी मुंबईत संगणक प्रोग्रॅमिंगच्या प्रथम वर्षाच्या प्रचंड मोठ्या वर्गात ‘आधी एकट्यानं विचार, मग जोडीत चर्चा, मग सगळ्यांसमोर मांडणी’ ही पद्धत वापरून तिथल्याच संशोधकांनी निरीक्षणं नोंदवली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. तिथली मुलं निवडून आलेली असतात, हा आक्षेप रास्त आहे. पण सव्वाशे मुलांना सलग पाऊण तास व्याख्यान देऊन किती जण ऐकतात, याचाही आकडा एकदा काढून बघावा.

पुरावा आहे का, की ही सगळी हौस आहे?

विज्ञान-अभियांत्रिकी विषयांपुरता तरी भक्कम पुरावा आहे. २०१४ मध्ये पदवी पातळीवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होतं. विद्यार्थ्यांना तासात काम करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के.

माझा विषय अर्थशास्त्र आहे. आमच्याकडे प्रयोगशाळा नाही.

नाशिक जिल्ह्यात शिकवत असाल तर लासलगावची बाजार समिती ही प्रयोगशाळाच आहे. इतरत्र आपापल्या तालुक्याची. ‘बाजारभाव कसा ठरतो’ या प्रकरणाआधी मुलांना सकाळच्या लिलावाला पाठवा. एका गटानं ट्रॅक्टरमागे फिरून पुकारलेले भाव क्विंटलमध्ये लिहायचे: मोठा कांदा वेगळा, बारीक गोल्टी वेगळी. दुसऱ्यानं त्याच दिवशी शहरातल्या हातगाडीवरचा किलोचा भाव घ्यायचा. तिसऱ्यानं शेतकऱ्याची हिशेबपट्टी बघायला मागायची आणि हमाली, तोलाई, वाहतूक, घट असं मधलं सगळं मांडायचं. वर्गात परत आल्यावर मागणी-पुरवठ्याच्या आलेखावर पहिल्यांदाच खरे प्रश्न येतात. एकाच तासात दोन ट्रॉल्यांना वेगळा भाव का? आवक वाढली तरी किरकोळ भाव का उतरला नाही? शिवाय वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी हा व्यवहार चालत असतो. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा त्या दिवशी सरांची चूक काढतो.

इतिहासवाल्यांना गावातले शिलालेख, जुन्या नगरपालिकेची दप्तरं, आजीच्या पिढीच्या मुलाखती आहेत. मराठीवाल्यांना तर बोलीचं रेकॉर्डिंग करायला मोबाइल पुरतो.

असं केलं तर पोर्शन कसा पूर्ण व्हायचा?

सगळा पोर्शन तोंडानं बोलून पूर्ण करायचा असेल तर होणार नाही. जे पुस्तकात सरळ आणि सोपं लिहिलं आहे ते मुलांवर सोपवा आणि त्यावर पाच गुणांची छोटी चाचणी ठेवा. प्रत्येक घटकातली व्याख्या, प्रकार, वैशिष्ट्यं, फायदे-तोटे ही चौकट फळ्यावर लिहून देण्यात किती तास जातात, ते डायरी काढून मोजा. ‘शिकवून झालं’ आणि ‘समजलं’ यांतलं अंतर डायरीत कुठेच नोंदवलं जात नाही, म्हणून पोर्शनची भीती वाटते आणि न समजण्याची वाटत नाही.

मुलंच कुरकुरतात. “सर, तुम्ही शिकवा ना” म्हणतात.

म्हणणारच. हार्वर्डमध्येही म्हणाली. तिथे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भौतिकीच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले होते: एकाला उत्तम व्याख्यान, दुसऱ्याला स्वतः सोडवण्याचं काम. चाचणीत दुसरा गट वरचढ ठरला, पण आपण जास्त शिकलो असं व्याख्यानाच्या गटाला वाटलं. ऐकताना सगळं सोपं वाटतं. स्वतः करताना धडपडावं लागतं, आणि ती धडपड म्हणजे आपल्याला येत नाही असं मुलांना वाटतं.

म्हणून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात हे मुलांना स्पष्ट सांगा, शक्यतो पहिल्या चाचणीचा निकाल दाखवून. आणि सत्राअखेरीच्या फीडबॅक फॉर्मवर ‘शिक्षक नीट समजावून सांगतात का’ या एकाच ओळीवरून शिक्षकाची किंमत करू नये, हे प्राचार्यांनी आणि आयक्यूएसीनं समजून घ्यावं. पद्धत बदलली की पहिल्या सत्राला तो आकडा घसरण्याची शक्यता असते. नेमक्या त्याच वेळी केबिनमध्ये बोलावून कानउघाडणी झाली तर तो शिक्षक पुन्हा नोट्स द्यायला लागतो.

परीक्षा विद्यापीठाची, प्रश्नपत्रिका विद्यापीठाची. माझ्या हातात काय आहे?

सगळ्यात कळीचा प्रश्न हाच. मुलं गुणांच्या मागे जातात यात त्यांचा दोष नाही. संलग्न महाविद्यालयात शिकवणाऱ्याला प्रश्नपत्रिकेवर हक्क नसतो, अभ्यासक्रमावर नसतो, पण अंतर्गत मूल्यमापनावर असतो. त्या गुणांची वाटणी विद्यापीठाप्रमाणे बदलते. बहुतेक ठिकाणी हे गुण एक होम असाइनमेंट आणि एक ट्युटोरियल यांत वाटून टाकतात, आणि असाइनमेंट म्हणजे एकानं लिहायची, बाकीच्यांनी उतरवायची. म्हणजे जी एकमेव मोकळी जागा मिळाली आहे, ती आपणच वाया घालवतो. कांद्याच्या भावाची नोंदवही, कार्डांच्या तासानंतर लिहिलेलं एका पानाचं ‘माझं उत्तर का बदललं’, तोंडी परीक्षेतले दोन प्रश्न, हे सगळं अंतर्गत गुणांत बसतं. त्याचे निकष आधी लेखी जाहीर करा आणि विभागप्रमुखांची सही घेऊन ठेवा. पुढे कुणी तक्रार केलीच तर कागद जवळ असलेला बरा.

स्वायत्त महाविद्यालयात मोकळीक खूपच मोठी असते: अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल सगळं महाविद्यालयाचं, पदवी फक्त विद्यापीठाची. मुंबईत सेंट झेवियर्सला २०१० साली स्वायत्तता मिळाली, त्यानंतर अनेक महाविद्यालयं त्या वाटेनं गेली. पण स्वायत्त झाल्यावरही जुन्याच प्रश्नपत्रिकेचा साचा चालू ठेवणारे विभाग आहेत. मोकळीक मिळाली म्हणजे ती वापरली जाते असं नाही. वापरायला पुन्हा वेळ आणि सोबतीच लागतो.

तिसरी वाट अभ्यास मंडळाची. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे अभ्यास मंडळावर काही जागा महाविद्यालयांतल्या विभागप्रमुखांमधून निवडून भरल्या जातात. त्या निवडणुकीत पॅनल बघून मत देण्याऐवजी ‘प्रश्नपत्रिकेच्या नमुन्यात तुम्ही काय बदलणार’ असं उमेदवाराला विचारा. पाठांतराच्या प्रश्नांच्या जागी एखादा उताऱ्यावरचा किंवा माहितीच्या तक्त्यावरचा प्रश्न सक्तीचा झाला, तर शेकडो वर्गांतलं शिकवणं एका फटक्यात हलतं. दहा कार्यशाळांनी एवढं होत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे मोकळीक वाढली की नुसतं काम?

दोन्ही. महाराष्ट्रात विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालयांत हा आराखडा २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, सीईपी, ओजेटी अशी विषयप्रकारांच्या आद्याक्षरांची रांग लागली आणि टाइमटेबल करणाऱ्यांची झोप उडाली. तरी फील्ड प्रोजेक्ट आणि सामाजिक सहभागाचे क्रेडिट हे या सगळ्यातलं सोनं आहे. प्रॅक्टिकल स्वरूपाच्या एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे दोन क्रेडिटला ६० तास अधिकृतपणे वर्गाबाहेर काम करायला मिळतात. आठवडी बाजार, ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प, नदीच्या पाण्याचे नमुने, जे सुचेल ते. धोका एकच: सर्टिफिकेट आणून फाईलला लावायची प्रथा पडली की हेही ‘जर्नल’सारखं होईल, दरवर्षी सीनियरकडून उतरवलेलं.

रिफ्रेशर, एफडीपी या शिक्षक-प्रशिक्षणांचा उपयोग होतो का?

पदोन्नतीसाठी होतो. वर्गात किती होतो, हे कोर्स कसा आहे त्यावर आहे. दोन आठवडे रोज चार व्याख्यानं ऐकून ‘व्याख्यान देऊ नका’ हे शिकायचं, असा विनोदी प्रकार बऱ्याचदा घडतो. ऑनलाइन कोर्समध्ये कॅमेरा बंद करून पेपर तपासणारेही कमी नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

जे उपयोगी पडलं त्यात एक समान गोष्ट दिसते: शिक्षक पुन्हा पुन्हा त्याच जागी जाऊ शकतो, आणि परत येताना हातात काहीतरी घेऊन येतो. पुण्यातलं आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र घ्या. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली ही संस्था उभी राहिली, ती मुळात विद्यापीठांसाठी. तिची व्हिजिटिंग असोसिएट योजना तीन वर्षांची असते. लहान गावातल्या महाविद्यालयातल्या शिक्षकाला सुट्ट्यांमध्ये येऊन राहता येतं, ग्रंथालय वापरता येतं, संशोधकांशी जेवणाच्या टेबलावर बोलता येतं, पुढच्या सुट्टीत पुन्हा येता येतं. एका भेटीत ओळख होते. काम तिसऱ्या-चौथ्या भेटीपासून सुरू होतं.

दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात तयार झालेलं एक्सपआइज हे छोटं उपकरण दुसरं उदाहरण. संगणकाला जोडलं की ते व्होल्टेज मोजतं, तरंग दाखवतं, लंबकाचा काळ टिपतं. महागड्या ऑसिलोस्कोपशिवाय बरेच प्रयोग होतात. त्याची रचना सगळ्यांना खुली आहे. अशा प्रशिक्षणाहून परत आलेला शिक्षक सोमवारी प्रयोगशाळेत काहीतरी मांडू शकतो. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासूनचं. तिथे २००४ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी नियस हा उपक्रम सुरू झाला. केंद्राच्या प्रायोगिक प्रश्नांची शैली बघितली, की आपल्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेत काय राहून गेलंय ते लख्ख कळतं.

पुरस्कारानं काही होत नाही असं नाही, पण ते बहुतेक आधीच करणाऱ्याला मिळतात.

पदोन्नतीत या कामाला काही किंमत आहे?

थोडी. २०१८च्या नियमांत अध्यापन हा निकष मोजतात तो घेतलेल्या तासांच्या टक्केवारीवर: नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के आणि वर घेतले तर ‘चांगले’, ७० ते ८० दरम्यान ‘समाधानकारक’. तास कसा घेतला याला रकाना नाही. संशोधन गुणांच्या तक्त्यात नवी अध्यापनपद्धती विकसित करण्याला ५ गुण, नवा अभ्यासक्रम रचण्याला २, आणि मान्य नियतकालिकातल्या एका शोधनिबंधाला विज्ञानात ८ आणि मानव्यविद्यांत १०. चार क्रेडिटचा संपूर्ण ‘मूक’ (खुला ऑनलाइन) अभ्यासक्रम तयार केला तर २०. माणूस हिशेबी असेल तर दोन वर्षं वर्ग घडवण्यापेक्षा एक निबंध लिहील. म्हणून शहाण्या लोकांची युक्ती अशी: वर्गात जे करून बघताय त्याचीच नोंद ठेवून त्यावर निबंध लिहायचा.

जानेवारी २०२५ मध्ये आयोगानं जाहीर केलेल्या मसुद्यात ‘नावीन्यपूर्ण अध्यापन’ आणि ‘भारतीय भाषांतून अध्यापन’ यांना उल्लेखनीय कामगिरीच्या नऊ क्षेत्रांत जागा दिली होती. त्या मसुद्यावर वाद झाले ते कुलगुरू निवडीवरून. ही बाब चर्चेत मागे पडली. तुमचा अर्ज ज्या नियमाखाली जाईल तो नियमच ग्राह्य धरा.

मी सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) आहे. हे सगळं माझ्यासाठी आहे का?

खरं बोलायचं तर तुमच्याकडून ही अपेक्षा करणंच अन्याय आहे. तासिका तत्त्वावर तासाचे पैसे मिळतात, तयारीचे नाही. मानधन महिनोन्महिने अडतं. पुढच्या जूनमध्ये नेमणूक होईल की नाही हे माहीत नसतं. दोन महाविद्यालयांत तास घेऊन एसटीनं फिरणाऱ्याला ‘नवोपक्रम करा’ म्हणणाऱ्यांनी आधी रिक्त जागांची यादी वाचावी. पूर्णवेळ जागा भरणं हा अध्यापन सुधारण्याचा पहिला उपाय आहे, भले तो कोणत्याही कार्यशाळेच्या विषयपत्रिकेवर नसो.

तरीही, सध्या सगळ्यात चांगले तास घेणाऱ्यांत अनेक तरुण सीएचबीवाले आहेत. त्यांनी एक करावं: विभागातल्या कायम शिक्षकाच्या नावासोबत काम करावं आणि आपलं नाव लेखी नोंदवून घ्यावं. तयार केलेले प्रश्न, नोंदी, निकाल स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवावेत. महाविद्यालय बदललं तरी ते तुमच्याबरोबर येतात.

नॅकच्या (महाविद्यालयाच्या) मूल्यांकनासाठी ‘बेस्ट प्रॅक्टिस’ लिहायची आहे. हे त्यात चालेल?

चालेल. फक्त आधी करा, मग लिहा.

चॅटजीपीटीमुळे असाइनमेंट निरर्थक झाल्या का?

उतरवून काढायच्या असाइनमेंट आधीच निरर्थक होत्या; आता ते लपत नाही. बाजार समितीतला आज सकाळचा भाव, स्वतःच्या आजोबांची मुलाखत, स्वतः घेतलेलं रीडिंग, वर्गात हातानं लिहिलेलं पान आणि त्यावर दोन मिनिटं तोंडी प्रश्न: एवढ्यावर भागतं. एआयनं लिहिलेलं उत्तर वर्गात दाखवून त्यातल्या चुका शोधायला लावणं हाही चांगला तास होतो, विशेषतः मराठी साहित्याच्या वर्गात. त्या उत्तरांत कधी कधी भलत्याच कवीच्या नावावर भलतीच कविता सापडते.

चर्चा मराठीतून घ्यावी का? माध्यम इंग्रजी आहे.

घ्या. मुलं एकमेकांना पटवतात ती मराठीतून, अहिराणीतून, वऱ्हाडीतून. लिहिताना इंग्रजी संज्ञा वापरू द्या. कोकणातल्या किंवा मेळघाटातल्या महाविद्यालयात इंग्रजीतून चर्चा घ्यायचा हट्ट धरला तर ठरावीक चार मुलंच बोलतात आणि सरांना वाटतं बाकीच्यांना विषय कळला नाही.

करून बघितलं आणि फसलं तर?

बरेच जण त्याच टप्प्यावर सोडतात. अमेरिकेतल्या भौतिकीच्या शिक्षकांच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात असं दिसलं की नव्या पद्धती वापरून बघणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनी त्या नंतर सोडून दिल्या. म्हणजे त्यांना माहिती होती, इच्छा होती, सुरुवातही झाली होती. गळती झाली ती पुढे, जिथे प्रशिक्षण संपलेलं असतं आणि शिक्षक एकटा असतो.

फसलं की नाही हे ठरवण्याआधी मोजा. प्रकरण सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर दोन आठवड्यांनी तेच पाच प्रश्न द्या. पहिल्या वेळेला गोंधळ होतो तो सूचना नीट न दिल्यामुळे, वेळ चुकल्यामुळे, प्रश्न फार सोपा असल्यामुळे. पद्धत टाकण्याआधी प्रश्न बदलून बघा.

विभागात मी एकटाच आहे. सोबती कुठून आणू?

एकशिक्षकी विभाग आपल्याकडे भरपूर आहेत. तेव्हा विषयाचा आग्रह सोडा. भूगोलाच्या मॅडम आणि राज्यशास्त्राचे सर एकमेकांच्या तासाला मागे बसू शकतात. विषय कळत नसला की लक्ष आपोआप मुलांकडे जातं: कोण बोललं, कोण अर्ध्या तासापासून खिडकीबाहेर बघतंय, सरांनी प्रश्न विचारून किती सेकंद वाट बघितली. बहुतेक जण दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात, आणि हे दुसऱ्यानं सांगितल्याशिवाय कळत नाही. तासानंतर कॅन्टीनमध्ये दहा मिनिटं बोला. कागद करू नका, फॉर्म भरू नका, प्राचार्यांना अहवाल देऊ नका. अहवाल सुरू झाला की खरं बोलणं थांबतं.

विषयातलाच माणूस हवा असेल तर विद्यापीठाच्या तपासणी केंद्रावर शोधा. पेपर तपासताना ‘या प्रश्नाला सगळ्यांनी हेच चुकीचं का लिहिलंय’ असं जो शेजारच्याला विचारतो, त्याचा नंबर घ्या.